उजवीकडं ओढती

माझ्या वडिलांची मोटरसायकल उजवीकडं ओढती, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बेळगावात कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते आणि डोकं आधीच फिरलेलं होतं. साक्षीदार आला नव्हता, पुढची तारीख पडली होती, अशील माझ्याकडे मीच गुन्हेगार असल्यासारखा बघत होता. आणि फोनवर आप्पा, शाळेतल्या पोरानं बाईंना सांगावं तसं सांगत होते, "अगं, मी काय केलं न्हाय. गाडीच उजवीकडं ओढती."

"पण पडलात कुठं तुम्ही?"

"पडलो न्हाय. उसात गेलो."

"म्हणजे पडलातच की!"

"उसात गेलो म्हंजे पडलो न्हाय. कोपर खरचटलंय जरा. तू त्याला सांगू नको."

त्याला म्हणजे माझ्या भावाला. तो पुण्यात असतो. मी कशाला सांगतेय? निपाणीतल्या कुणीतरी त्याला माझ्याआधी फोन केला होता. निपाणीहून बोरगावला जाताना सरळ रस्त्यावर आप्पांची गाडी हळूहळू उजव्या बाजूला गेली, समोरून उसानं भरलेली ट्रॉली येत होती, ट्रॉलीवाल्यानं बोंब मारली, आणि आप्पा गाडीसकट पलीकडच्या उसात शिरले. ट्रॉली अजून लांब होती म्हणून निभावलं. बोरगावला कशाला गेला होतात, असं विचारलं तर म्हणाले, सहज.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर माझ्यासारखाच तुमचाही गोंधळ होईल. आप्पा गणिताचे मास्तर. आई मराठी शिकवायची. घर निपाणीत आणि दोघांच्या नोकऱ्या बोरगावात, ते हायस्कुलात, ती मुलींच्या शाळेत. सत्तावीस वर्षं दोघं एकाच गाडीवरून गेले आणि आले. आधीची गाडी झिजली, मग ही घेतली. रिटायर झाल्यावरही बाजार, दवाखाना, लग्न, बारसं, कुठंही जायचं तर दोघं मिळून. आई मागं बसून सगळा रस्ता बोलायची आणि आप्पा हेल्मेटच्या आतून "हं, हं" करायचे. मागच्या श्रावणात आई गेली. तीन दिवस ताप, बस्स, एवढंच.

आप्पा रडले नाहीत. तेराव्याला पंगतीत फिरून पाहुण्यांना "भात घ्या की अजून" म्हणत होते. लोक म्हणाले, मास्तर घट्ट माणूस. मला मात्र त्यांचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. माझे डोळे रडून रडून सुजले होते आणि हा माणूस चौदाव्या दिवशी सकाळी शर्टाला इस्त्री करत होता, कॉलर आधी, मग बाह्या, रोजच्यासारखी. मला वाटलं, गणिताचा मास्तर तो गणिताचाच. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण वाटलं होतं हे खरं आहे.

गाडी दिवाळीपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीनंतर त्यांनी ती बाहेर काढली, आणि जानेवारीत हे उसाचं प्रकरण झालं.

भावानं फोनवर निकाल दिला, आणि निकाल द्यायला तो काही न्यायाधीश नाही, तो पाण्याच्या पंपांच्या कंपनीत आहे. म्हणाला, "हे बघ, फ्रेम वाकडी निघाली तर सरळ करून घेऊ, आप्पा चालवू देत खुशाल. पण फ्रेम सरळ निघाली तर दोष त्यांचा. मग गाडी विकायची. ट्रॉलीखाली गेल्यावर नको." मी हो म्हटलं. बोलणं रास्त होतं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता आप्पांचं सगळं चालणं-फिरणं लोखंडाच्या एका सांगाड्यावर लटकलं आहे. सकाळी मंडईत, संध्याकाळी जुन्या मास्तरांच्या कट्ट्यावर, मध्येच कधीतरी "सहज" बोरगावला. गाडी गेली की हा माणूस घरात बसणार, त्या रिकाम्या घरात, आणि मी बेळगावात, भाऊ पुण्यात.

म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगितलं की फ्रेम वाकडी निघू दे. गाडी मोडकी निघावी म्हणून कोण कधी देवाला सांगतं का? पण मी सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी. सकाळच्या बसनं निपाणी गाठली. स्टँडजवळच्या एका मेकॅनिककडे गाडी ढकलत नेली, कारण आप्पांना मी चालवू दिली नाही आणि मला स्कूटरशिवाय काही येत नाही. भर रस्त्यातून बाप आणि लेक गाडी ढकलत निघालेत म्हटल्यावर ओळखीचे चार लोक थांबले. आप्पांनी चौघांनाही तेच सांगितलं, "फ्रेम वाकडी झालीया."

मेकॅनिकनं गाडी मधल्या स्टँडवर लावली, चार पावलं मागं गेला, उकिडवा बसला, एक डोळा झाकला आणि मागच्या चाकावरून पुढच्या चाकाकडे बघितलं. शिकारी बंदूक धरतो तसं. मग उठून हात पुसले आणि म्हणाला, "वाकडी हाय. लई वाकडी हाय."

आप्पांचा चेहरा असा फुलला, की त्यांना नातू झाल्याचं सांगितलं तेव्हाही इतका फुलला नसेल.

"कशावरून?" मी विचारलं. सवय आहे, जात नाही.

"डोळ्यानं दिसतंय की, आक्का. बसा, बघा तुम्ही."

मी बसले. बसस्टँडसमोर, चांगल्या ड्रेसवर, धुळीत. डावा डोळा झाकला तर दोन्ही चाकं एका ओळीत. उजवा झाकला तर पुढचं चाक बाजूला गेलेलं. दोन्ही उघडे ठेवले तर दोन पुढची चाकं. मला आजतागायत कळलेलं नाही की त्या माणसाला काय दिसलं. पण आप्पा म्हणाले, "झालं की. पटलं ना? फोन लाव त्याला."

मला पटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आप्पांनाही पूर्ण पटलं नसावं, कारण घरी आल्यावर मी चहा टाकते तोवर त्यांनी परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली होती. गणिताच्या मास्तराला डोळ्यानं बघून सिद्ध झालेलं काही चालत नाही, माप लागतं.

"धर," म्हणाले.

पद्धत अशी होती. दोरी मागच्या चाकाला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढं आणायची, ताणायची, मागच्या टायरला दोन्हीकडे नीट टेकू द्यायची. पुढचं टायर मागच्यापेक्षा जरा अरुंद असतं, त्यामुळे पुढं दोन्हीकडे थोडी फट राहते. दोन्ही फटी सारख्या तर चाकं एका रेषेत, म्हणजे फ्रेम सरळ. फटी कमीजास्त तर फ्रेम वाकडी. मी पुढं दोरीची दोन टोकं धरून ओणवी उभी, आणि आप्पा कंपासपेटीतली पट्टी घेऊन गुडघ्यावर. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी विचारलंसुद्धा की कसली पूजा आहे.

डाव्या बाजूला दोरी टेकेना. मागच्या चाकाला त्या बाजूला साडीगार्ड आहे, ती तारांची जाळी, साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती, आणि तिच्या खाली पाय ठेवायची पट्टी. दोरी त्यात अडकत होती.

"हे साडीगार्ड काढा की. आता कशाला पाहिजे?" मी म्हटलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"अहो, चार बोल्ट तर आहेत!"

"न्हाय म्हटलं ना!"

त्यांचा आवाज इतका चढला की काकू आत गेल्या. पाय ठेवायची पट्टी दुमडून, दोरी जाळीच्या खालून, खूप खटाटोप करून घातली. आप्पांनी माप घेतलं. डावीकडे चार सूत, अर्धा इंच. उजवीकडे चार सूत. पुन्हा घेतलं. पुन्हा चार आणि चार.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "दोरी ढिली धरली हुतीस तू," म्हणाले.

"मी ढिली धरली नव्हती! हात भरून आलेत माझे!"

"मग दोरीच बरोबर न्हाय. नायलॉन हाय, ताणती."

दोरी ताणली तरी दोन्हीकडे सारखीच ताणेल, हे मला कळतं तर त्यांना कळत नव्हतं का? ज्यांनी मला भूमितीत पायताणानं मारायचं बाकी ठेवलं होतं, ते चार बरोबर चार मानायला तयार नव्हते. मी कपाळाला हात लावला. एक म्हणतो लई वाकडी, एक दोरी म्हणते सरळ, आणि ज्याची गाडी तो दोरीवरच आरोप करतो.

मग मी हट्टाला पेटले. ओळखीच्या एकाचा रिकामा टेम्पो बेळगावला परत निघाला होता, त्यात गाडी घातली, आप्पांना पुढं बसवलं, आणि बेळगावला आणलं. कॅम्पात माझी स्कूटर सांभाळणारा एक मेकॅनिक आहे. थोडा कन्नड, थोडा हिंदी, थोडा मराठी, पण हात एकाच भाषेत चालतो. त्यानंही दोरी लावली, त्याची सुती होती, आप्पांनी आधी हात लावून खात्री केली. त्यालाही साडीगार्ड काढायचं होतं. आप्पा त्याच्या आणि बोल्टच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तो माझ्याकडे बघून हसला आणि जाळीच्या खालून दोरी घातली.

"सरी इदे," तो म्हणाला. बरोबर आहे. मग कॅम्पातल्या त्या रुंद, झाडीच्या रस्त्यावर त्यानं गाडी नेली, वेग धरला, आणि हँडलवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी सुतासारखी सरळ गेली. वळून आला, पुन्हा तसाच, हात सोडून. "अक्का, फ्रेम सरी इदे. गाडी लई चांगली ठेवलीय तुमच्या अप्पाजींनी."

आप्पा म्हणाले, "द्या इकडं."

मी नको म्हणायच्या आत ते बसले होते. रस्ता रिकामा होता. पन्नास पावलं गेले असतील, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी उजवीकडं सरकायला लागली. हळूहळू, अंगणात केर सरकावा तशी. रस्त्याच्या मधोमध गेली, मध्य ओलांडला. आप्पांनी ओढून परत आणली. पुन्हा सरकली. ते वळून आले तेव्हा घामाघूम झाले होते आणि चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता. "बघितलंस? बघितलंस का न्हाय?"

बघितलं. तीच गाडी, तोच रस्ता, त्याला सरळ आणि ह्यांना वाकडी. मेकॅनिकनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. त्या नजरेचा अर्थ मला कळला. दोष माणसात होता.

आप्पांना खोटं सांगून दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी तपासायला, असं म्हटलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, दोन्ही हातांनी बोटं दाबायला लावली, डोळे मिटून एका रेषेत चालायला लावलं. आप्पा त्या खोलीत फरशीच्या रेघेवरून असे चालले की एखादा कवायत मास्तर लाजेल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहेत. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बाकावर बसले. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण डोक्यात नुसता गोंधळ. गाडी सरळ. माणूस सरळ. मग दोघं एकत्र आले की वाकडं काय होतं? कोर्टात असं झालं असतं तर मी दोन्ही साक्षीदारांना खोटं ठरवलं असतं. इथं दोघंही खरं बोलत होते आणि ट्रॉली तर खरीच होती.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कारण काय का असेना, फ्रेम सरळ आहे ना? मग ठरल्याप्रमाणं." आप्पा शेजारीच होते, त्यांनी सगळं ऐकलं. इतका वेळ भांडणाऱ्या माणसानं रात्रीचं जेवणही नीट केलं नाही. सोमवारी मी कोर्टाला दांडी मारून परतीचा टेम्पो ठरवला, तेव्हा एवढंच म्हणाले, "टेम्पो निपाणीत थांबवू नको. पुढं बोरगावला घे. तिथला मिस्त्री सांगंल ते शेवटचं. तो सरळ म्हणाला तर मी सोता किल्ली देतो."

बोरगावचा तो मिस्त्री म्हातारा आहे. शाळेच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज. आमच्या दोन्ही गाड्यांची पंक्चरं त्यानं काढलेली. टेम्पोतून गाडी उतरवली, आप्पांनी सांगायला सुरुवात केली, मी मध्ये मध्ये दुरुस्त्या केल्या, आमचं तिथंच भांडण लागलं. म्हातारा सगळं ऐकत बिडी ओढत होता. ना दोरी काढली, ना डोळा झाकला.

"तुमी चालवा, सर," म्हणाला. "मी बगतो. ज्याची गाडी त्यानंच चालवायची असती. दुसऱ्यानं चालवून काय कळतंय?"

गॅरेजच्या मागं तंबाखू वाळत घालायचं मोठं खळं होतं, सिमेंटचं, त्या दिवशी रिकामं. त्यानं कडेला दोन बादल्या पाणी ओतलं. आप्पांनी ओल्यातून गाडी घालून कोरड्या सिमेंटवरून दुसऱ्या टोकाला न्यायची. चाकं ओली होतात आणि सिमेंटवर माग उमटतो. दोन्ही चाकांचा एकच माग उमटला तर फ्रेम सरळ, दोन उमटले तर वाकडी.

आप्पा गेले. आम्ही मागाजवळ गेलो. माग एकच होता. एकदम एक, कुठंही फाटलेला नाही. पण तो एकच माग सरळ जाता जाता उजवीकडं वळत गेला होता, छान, गोल, हातानं काढल्यासारखा.

"फ्रेम सरळ हाय," म्हातारा म्हणाला.

आप्पा ऐकत होते. त्यांनी खिशात हात घातला, किल्लीसाठी नव्हे, किल्ली तर गाडीलाच होती. नुसता घातला आणि काढला. मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हातारा मात्र अजून गाडीकडेच बघत होता. जवळ गेला आणि सीटवर तळहात फिरवला. "ह्ये उसात जायच्या आदीपासनंच ओढती न्हवं, सर?"

आप्पा म्हणाले, "व्हय. दिवाळीनंतर काढली तवापासनं."

"काय?" मी ओरडलेच. "मग पडल्यानं फ्रेम वाकली म्हणून इतके दिवस..."

"थांबा जरा, ताई," म्हातारा म्हणाला. "सर, आदी कदी एकटं चालवलीसा का ही?"

आप्पा हँडलवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"मी रोज बगायचो की. सकाळी साडेधाला तुमी दोगं हितनं जायचा. बाई मागं एका अंगानं बसलेल्या, दोन्ही पाय डावीकडं, मांडीवर पिशवी. बाईंचं समदं वजन डावीकडं. गाडी तिकडं झुकू ने म्हणून तुमी उजवीकडं सरकून बसायचा. हे बगा." त्यानं माझा हात धरून सीटवर ठेवला. सीट उजव्या बाजूनं दबलेली होती. डावी बाजू नव्यासारखी फुगीर, उजवीकडं खोल वाटी. "अजूनबी तसंच बसताय. बाई मागं हाईत असं धरून."

इतके दिवस सगळ्यांनी लोखंड तपासलं होतं. मी डोळे झाकून बघितलं, दोरी धरली, डॉक्टर केला. सीटवर कुणी हात फिरवला नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली. आणि चौदाव्या दिवसाची ती इस्त्री आठवून जास्तच वाटली.

"डावीकडं सरका चार बोटं," म्हाताऱ्यानं सांगितलं. "मदोमद. अंग सैल सोडा. आनी जावा."

आप्पा बसले. सरकले. त्यांना ते अवघड जात होतं, नव्या शाळेत पहिल्या दिवशी पोरगं बाकावर बसतं तसे बसले होते. ओल्यातून गाडी गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माग सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. "बगा! गाडीला काय झालं न्हाय, सरास्नी काय झालं न्हाय! म्हैनाभर खळ्यावर येऊन असंच फिरवा, सर. जुनी सवय मोडती."

मी पर्समधून फोन काढला होता. फ्रेम सरळ, आप्पा ठणठणीत, एक महिन्याचा सराव, गाडी राहणार, भावाचं तोंड बंद. सगळेच जिंकले होते. भावाचा नंबर लावायला बोट पुढं केलं, तेवढ्यात आप्पा गाडी लावून आले. किल्ली त्यांच्या हातात होती. ते माझ्याशीच बोलले, हळू, एखादं चुकलेलं गणित दाखवावं तसं.

"असं बसलं तर ती पडंल गं."

"कोण?" मी विचारलं.

कशाला विचारलं! जीभ तिथंच तोडून टाकावी असं वाटलं. दिवसभर प्रश्न विचारायची सवय, दुसरं काय. गॅरेजच्या दाराशी जुन्या टायरांचा ढीग होता, त्यावर आप्पा बसले आणि रडले. रुमाल काढला नाही, तोंड लपवलं नाही. सहा महिने न रडलेला माणूस परक्याच्या दारात, भर दुपारी, टायरांवर बसून रडत होता, आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा शर्ट घट्ट धरला. म्हाताऱ्यानं आमच्याकडे पाठ केली, फडकं घेतलं आणि ते साडीगार्ड पुसायला लागला, एकेक तार.

टेम्पो कधीच गेला होता. परत जायचं तर गाडीवरच. आप्पा बसले, जुन्या जागी, त्या वाटीत. मी नेहमी दोन्हीकडे पाय टाकून बसते. आईनं तसं बसावं म्हणून मी कितीदा तिच्याशी भांडले होते, एका अंगानं बसणं धोक्याचं आहे, ड्रेस घाल, पाय टाक. ती म्हणायची, "त्यांना सवय झालीया गं." मी तेव्हा त्यावर चिडायचे.

मी दोन्ही पाय डावीकडं घेतले. त्या पट्टीवर ठेवले. फार भीती वाटली, खरंच सांगते, घसरतेय असंच वाटत राहिलं. आप्पा म्हणाले, "जरा मागं सरक. ती मागं बसायची." सरकले. गाडी सुटली, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूनं निपाणीपर्यंत एकदाही उजवीकडं गेली नाही.

घरी पोचतोय तोच भावाचा फोन. "काय ठरलं शेवटी? फ्रेम?"

"सरळ."

"म्हणजे दोष आप्पांचा."

"नाही."

"मग कुणाचा?"

तीन दिवस मीही हेच विचारत फिरत होते. आता उत्तर माहीत होतं आणि ते फोनवर सांगता येत नव्हतं. म्हटलं, "गाडी विकायची नाही. आप्पा एकटे चालवणार नाहीत, किल्ली माझ्याकडं दिलीय त्यांनी. दर रविवारी मी येणार आहे." तो काहीतरी बोलत होता, मी ठेवून दिला.

किल्ली माझ्या कोर्टाच्या बॅगेत असते. दर रविवारी सकाळच्या बसनं मी निपाणीला जाते, एका अंगानं बसते, आणि आम्ही बोरगावला जाऊन येतो. खळ्यावर सराव करायला आप्पा अजून एकदाही गेलेले नाहीत. मीही त्यांना कधी म्हटलेलं नाही.